बंगलोर किती लांब

३ फेब्रुवारी

नोकरी लागली! बंगलोरला, औषधाच्या कंपनीत, तपासणीच्या लॅबमध्ये. बी. फार्म होऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून कोरपन्यातल्या मेडिकलमध्ये खोकल्याच्या बाटल्या विकतेय. धावत घरी आले, बाबांना सांगितलं. त्यांनी मोबाइल तोंडाशी धरून हिंदीत विचारलं (मोबाइलशी ते हिंदीतच बोलतात) — कोरपना से बंगलोर कितना दूर? हजार किलोमीटरच्या आसपास निघालं. बस्स!

"एवढ्या लांब एकटी पोरगी? तब्येत बिघडली तर कोन पाहीन? नाई म्हनजे नाई."

आणि म्हशीला पाणी पाजायला निघून गेले.

४ फेब्रुवारी

जेवले. पण बाबांचं ताट मी वाढलं नाही.

११ फेब्रुवारी

इंदुआत्या स्थळ घेऊन आली. मुलगा अजय, घर बल्लारपूरला, नोकरी — बंगलोरला! मी बाबांच्या तोंडाकडे पाहत बसले, आता म्हणतील लांब आहे. कुठलं काय! मोबाइल काढला आणि या वेळी विमानाचं विचारलं. नागपूरहून पावणेदोन तास. खुशीत आत्याला म्हणाले, काईच लांब नाई, सकाळी बसली का जेवाले तिथं.

आणि इथून नागपूरचं विमानतळ गाठायला जो अर्धा दिवस जातो तो? तो कोणी धरायचा? नोकरीला जायचं तर हजार किलोमीटर आणि नवऱ्यामागे जायचं तर पावणेदोन तास! गाव तेच ना? का आठ दिवसांत इकडे सरकलं? डोकंच फिरलं माझं. तोंडावर म्हटलं. बाबा म्हणाले, लग्नाची गोष्ट वेगळी. काय वेगळी, विचारलं तर मोबाइल खिशात घालून म्हशीकडे निघाले.

१२ फेब्रुवारी

आई म्हणते, डोकं थंड ठेव. लग्न झालं की तिथंच राहशील, तीच नोकरी कर, कोण अडवते? पटलं. राग येतोच आहे, पण पटलं. कंपनीला फोन करून थोडे दिवस मागून घेतले. तिथली बाई नाखुशीनंच हो म्हणाली.

१८ फेब्रुवारी

पाहुणे येऊन गेले. अजय भला वाटला — म्हणजे बोललाच नाही. त्याच्या आईला मी आपणहून लॅबचं सांगितलं. आलूपोहा खाता खाता त्या हसल्या.

"तू कायले जाशील वो बंगलोरले? सून आमच्यापाशी बल्लारपूरलेच राहीन. पोरगा येत जाईन ना महिन्या-दोन महिन्यानं. विमानानं किती वेळ लागते!"

मी अजयकडे पाहिलं. तो मोबाइल पाहत होता. अंगाची आग आग झाली! म्हणजे त्याला कधीही येता यावं म्हणून विमान, आणि मी बल्लारपूरला त्याच्या आईबापांच्या चुलीपाशी!

पाहुणे निघाले तेव्हा बाबा फाटकापर्यंत सोडायलाही उठले नाहीत.

१९ फेब्रुवारी

बाबा दिवसभर शेतात. आत्याचे फोनावर फोन, उचलत नाहीत. वाईट वाटलं असेल त्यांना. वाटू दे! मी सांगत होते तेव्हा कळलं नाही, परक्या बाईनं सांगितल्यावर कळलं.

२० फेब्रुवारी

सकाळी बाबांनी आत्याला नकार कळवला. मग मला म्हणाले, कंपनीले फोन लाव. त्यांच्यासमोरच लावला. जागा काल भरली.

बाबांनी आपला मोबाइल काढला आणि काही न विचारता परत खिशात ठेवला.

"दुसरी पाह्य," म्हणाले. "दिल्लीची असली तरी जा."