सत्तर म्हणाली

रविवार, संध्याकाळ

नलूने मला मोटरचं तापमान खोटं सांगितलं, म्हणून लिहायला बसले. रिमोटवरच्या ट्रकच्या शर्यतीत गाडी मी चालवते. फेरी संपली की मोटर किती तापली ते मोजून सांगते नलू, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. ऐंशीच्या वर गेली तर निवेपर्यंत थांबायचं, हे ठरलेलं. आज मुलुंडला ती म्हणाली, सत्तर. मी अंतिम फेरीला उतरले आणि मोटर जळली.

"पंचाण्णव होतं गं. खरं सांगितलं असतं तर तू शर्यत सोडली असतीस ना!"

सोडलीच असती. मोटर दुसरी घेता येईल. पण सत्तर म्हणताना तिचा आवाजही हलला नाही. याआधी किती वेळा?

तिचे पाने आणि सुटा पंखा तिच्या हाती दिला. तिने, मी न मागताच, माझ्या घराची किल्ली दिली.