आईचं पांढरं पाकीट

२१ मार्च २०१०

ती. सिवताईस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी नगरसभेत लिंडहागा वृद्धाश्रम बंद करायचं ठरलं. एकोणीस विरुद्ध अठरा. त्या एकोणिसांत मी आहे. पेपरात वाचण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितोय.

आकडे खरे आहेत, ताई. छप्पर गळतं, निम्म्या खोल्या रिकाम्या आहेत. समाजवाद्यांनी वाटायचं आणि आपल्या पक्षाने टिकवायचं, असं बाबा म्हणायचे. टिकवायचं म्हणजे काहीतरी बंद करायचंही आलं. मतदानाआधी समाजवाद्यांच्या मायब्रिटने मला जिन्यात गाठलं. म्हणाली, अरे बाबा, तुझी आई राहते तिथे, खाली जाऊन कॉफी पी ना, तुला कोण नावं ठेवणार आहे! मी गेलो नाही. आई आहे म्हणून पळाला, असं कुणी म्हणायला नको होतं. बाबाही सभागृहातच बसून राहिले असते.

आईला मीच सांगितलं. तिने विचारलं, मग हिल्डिंगने लावलेल्या लिंडनच्या झाडांचं काय? आश्रमाची फीत बाबांनी कापली आणि झाडंही त्यांनीच लावली, हे मी विसरलो नव्हतो. मी म्हणालो, झाडं राहतील. मग ती म्हणाली, तुझा स्वेटर कोपरात विरलाय.

तुझ्या गावच्या आश्रमात तिला मेमध्ये खोली मिळेल. सत्तर किलोमीटर काही फार नाही. मी दर रविवारी येईन.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.
तुझा,
स्तुरे


२९ ऑगस्ट २०१०

चि. स्तुरेस,
अनेक आशीर्वाद.

रविवार आले नि गेले. तू प्रचारात आहेस, ते दिसतंच. इथल्या पेपरातही तुझा फोटो होता. आईने बघितला आणि म्हणाली, टाय कुणी बांधला याचा?

तिच्या खिडकीतून पार्किंग दिसतं. बहुतेक दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसते. आज मात्र तरतरीत होती. शब्दकोड्यात मला हरवलं. नर्सला सुनावलं, की ही कॉफी आहे की भांडी धुतलेलं पाणी! मला म्हणाली, आज एकोणतीस तारीख, परवा स्तुरेचा वाढदिवस, तू विसरली असशील. खरंच विसरले होते. तर वाढदिवसाच्या शुभेच्छा, म्हातारोबा!

तिचं नाव अजून तुमच्याच गावच्या मतदारयादीत आहे, पण तिला मतदान केंद्रापर्यंत चालवत नाही, म्हणून तिचं मत निवडणुकीच्या दिवशी मी तिकडे नेऊन देणार. आज नर्सला साक्षीदार ठेवून ते पाकिटात घातलं. तुझ्या पक्षाची मतपत्रिका मी टेबलावर ठेवली. तिने चष्मा पुसला आणि यादीतलं तुझं नाव मोठ्याने वाचलं. शिवणाचा डबा मागितला. मग आम्हा दोघींना खिडकीकडे तोंड करायला लावलं. मत गुप्त असतं, तुमच्या शाळेत शिकवलं नाही का, म्हणाली. नगरसभेचं पांढरं पाकीट तिने स्वतः चिकटवलं.

चाळीस वर्षं चौकातल्या पक्षाच्या टपरीवर तिने वॅफल भाजली. तिची फुली दुसऱ्या कुणाच्या नावापुढे जाणार? एक मत पक्कं समजा, नेतेजी.

ये रे एकदा. लोभ आहेच, पण तो पत्रातून किती दिवस पाठवायचा?
सिव


२१ सप्टेंबर २०१०

चि. स्तुरेस,
आशीर्वाद.

तू निवडून आलास. आई असती तर तिने केक केला असता की नाही, मला सांगता येत नाही.

तेरा तारखेला तू पोचलास तेव्हा तिचे हात गार झाले होते. त्याबद्दल मी तुला बोलले, ते बोलायला नको होतं.

पाकीट मी नेलं नाही. मेलेल्या माणसाचं मत कसं देणार? तू फोनवर तीनदा म्हणालास, तिने माझ्या नावापुढे फुली मारली की नाही, एवढंच मला कळू दे. फुली असेल तर मार्चमधलं तिने पोटात घातलं असं मी समजेन, असंही म्हणालास. न फोडता पाठवते आहे. माझं ऐकशील तर तूही फोडू नकोस.

जेवत जा.
सिव


२५ सप्टेंबर २०१०

ती. सिवताईस,
सा. न. वि. वि.

फोडलं.

आत पक्षाचीच मतपत्रिका आहे, पण यंदाची नाही. अठ्ठ्याण्णवची. बाबांची शेवटची निवडणूक. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटायला आलाय. बारा वर्षं शिवणाच्या डब्यात असणार. पहिलं नाव बाबांचं, हिल्डिंग. त्यापुढे फुली आहे. फुलीची शाई नवी आहे.

त्या दिवशी आई भानावर होती का? म्हाताऱ्या माणसाचा घोटाळा होऊ शकतो. जुना कागद हाताला लागला असेल. तू तिथे होतीस. जे असेल ते लिही. आठ ऑक्टोबरला अंत्यविधीत मला तिच्या शवपेटीशी उभं राहायचं आहे.

लोभ असेल तर लवकर लिही.
स्तुरे


२९ सप्टेंबर २०१०

चि. स्तुरेस,
अनेक आशीर्वाद.

नव्हती भानावर. सकाळपासून मला मावशीच्या नावाने हाक मारत होती. महिना कुठला तेही सांगता येईना. बाबा जेवायला कधी येणार, असं नर्सला विचारत होती. त्या दिवसांत तिला बाबाच सगळीकडे दिसत होते. नवा कागद कुठला नि जुना कुठला, हे तिला कळलंच नसणार. तुझ्यावर राग होता असं एकदाही वाटलं नाही.

आता हे डोक्यातून काढून टाक. आठ तारखेला लवकर ये, फुलांचं तुलाच बघायचं आहे.

लोभ होता, आहे.
सिव


३ ऑक्टोबर २०१०

ती. सिवताईस,
शि. सा. न.

पत्र मिळालं. तुझं ऑगस्टमधलं पत्रही माझ्याकडे आहे. मी पत्रं टाकत नाही, तुला माहीत आहे. शब्दकोडं, कॉफी, माझा वाढदिवस. दोन्ही एकाच खणात ठेवली आहेत, आताचं वर.

काल लिंडहागाला गेलो होतो. दाराला कुलूप आहे. बाबांच्या झाडांची पानं पायऱ्यांवर गुडघाभर साचली आहेत. मागच्या शेडमध्ये झाडू मिळाला, म्हणून झाडायला लागलो. मायब्रिट सायकलवरून चालली होती. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. तिने सायकल कुंपणाला टेकवली, दुसरा झाडू आणला आणि खालच्या पायरीपासून झाडत वर आली.

बाबांची मतपत्रिका आईच्या शवपेटीत ठेवू. तिच्याबरोबर माझ्या नावाची यंदाचीही ठेवावी, असं मनात आलं होतं. नाही ठेवणार. तिच्यासमोर दोन्ही होत्या.

फुलं पांढरी सांगितली आहेत.

तू लोभ केलास, तो पोचला.
तुझा,
स्तुरे