माझी डिश, माझी तार आणि धाकटी जाऊ

मी, खाली सही करणारी, टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, वयाने सत्तरी ओलांडलेली, कानांनी अजून धडधाकट, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि पूर्ण शुद्धीवर राहून लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. 'माझ्या मनात कोणाविषयीही आकस नाही' असे एक वाक्य वकीलबाईंनी मसुद्यात घातले होते. ते मी खोडले. खोटे लिहून त्याखाली सही करण्याची मला सवय नाही.

कलम १. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रागाच्या भरात केले होते, म्हणून ते रद्द समजावे. हेही रागातच करते आहे, पण हे कायम आहे.

कलम २. आमचे घर दोन मजल्यांचे. माझे यजमान आणि माझे दीर यांनी हयातीत रीतसर वाटणी केली. तळमजला आमचा, वरचा मजला दिरांचा, आणि गच्ची निम्मी-निम्मी. आता दोघेही भाऊ नाहीत. खाली मी राहते आणि वर माझी धाकटी जाऊ. तिला घरात सगळे छोटी म्हणत आणि मला मोठी. तीही सत्तरीला टेकली, तरी छोटीच आहे. काही माणसांना जन्मभर लहान राहण्याची सवलत मिळते.

माझा तळमजला सर्व सामानासह माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक मुलीचा होईल. त्याबद्दल कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. गच्चीचे वेगळे आहे. ते पुढे सांगते.

कलम ३. बँकेतली माझी शिल्लक आणि सोने मुलीला. शिवाय माझा हेडफोनही तिलाच. एक्स्चेंज बंद झाले तेव्हा साहेबांनी तो मला आठवण म्हणून दिला होता. मुलगी म्हणेल, "आई, मी याचं काय करू?" काही करू नकोस. एकदा डोक्यावर चढव आणि थोडा वेळ गप्प बस. तुझ्या लहानपणी मी तुला हेच सांगत होते.

कलम ४. आता डिशबद्दल.

एक्स्चेंजमध्ये मी हजारो माणसांचे आवाज जोडून दिले. यंत्रे आली आणि आम्हाला घरी पाठवले. घरात एवढी शांतता की मला माझाच श्वास ऐकू येई. त्याच सुमारास आमच्या केबलवाल्याने जुनी जाळीची मोठी डिश भंगारात काढली. ती मी मागून घेतली. यजमानांनी तिच्यासाठी लोखंडी बैठक करवून आणली आणि विचारले, "हिच्यात कोणता चॅनल लागणार?" मी म्हणाले, "लागला की सांगते."

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. आकाशगंगेत सगळीकडे हायड्रोजन पसरलेला आहे आणि तो एका ठरावीक सुरात सतत कुजबुजत असतो. ती कुजबुज कानांना ऐकू येत नाही. ती डिशने धरायची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक सपाट रेघ असते. आकाशगंगा डिशच्या समोर आली की त्या रेघेला उंचवटा येतो, आणि सरकून गेली की रेघ पुन्हा बसते. बस, इतकेच. पण तो उंचवटा पहिल्यांदा आला तेव्हा मी जिना उतरताना कठड्याला धरून उभी राहिले होते. इतक्या लांबचा कॉल मी आयुष्यात कधी जोडला नव्हता.

मी यजमानांना वर नेऊन दाखवले. सासूबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "टेकडी काढलीस होय? छान आहे." मग त्यांनी विचारले, "छोटीने पाहिलं का?"

छोटी म्हणजे कोण, ते इथे सांगणे भाग आहे. बालवाडीत शिकवायची. गोरी, हसरी, गोड गळ्याची. ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून या घरात माझ्या हातची भाजी चांगली आणि तिच्या हातची 'वा!' झाली. मी सासूबाईंचे पाय चेपले. तिने त्यांना गाणे म्हणून दाखवले. सासूबाईंना आठवण कशाची राहिली, ते सांगायला नको. मला सगळ्यांनी कामाची समजले आणि तिला लाडाची. म्हणून मी गच्चीवर माझे स्वतःचे असे काही मांडले, जिथे गोड गळ्याचा उपयोग नव्हता. तेव्हासुद्धा ती खाली मिक्सर लावायची आणि वर माझी रेघ थयथयाट करायची.

कलम ५. तार आणि फोटो.

गुरू ग्रहावर वादळे होतात तेव्हा तो रेडिओवर ऐकू येतो. त्याला डिश लागत नाही. मापात कापलेली लांब तार आणि शॉर्टवेव्हचा रेडिओ पुरतो. तशी तार मी ताणली होती. अनेक हिवाळे मी पहाटे उठून तिच्याखाली बसले. मला रेडिओ स्टेशनांची शिट्टी ऐकू आली, कोणाची तरी मोटार ऐकू आली, गुरू कधी आला नाही. शेवटी मी तार उतरवून गुंडाळली.

छोटी कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "वहिनी, ती टाकून देताय का? मी घेऊ?"

मला वाटले, कपड्यांसाठी मागते आहे. मी म्हणाले, "घे."

तिने ती तिच्या बाजूच्या टाकीपासून कठड्यापर्यंत बांधली, माझीच जुनी पुस्तिका वाचून माझ्याच मापाने, आणि दिरांचा रेडिओ वर आणला. आठवडा झाला नसेल, पहाटे तिची हाक आली. मी वर गेले तर रेडिओतून लाटा येत होत्या. किनाऱ्यावर येऊन फुटतात तशा, एकामागून एक. मध्येच पत्र्यावर खडे टाकल्यासारखे. मी ऐकताक्षणी ओळखले. गुरूच होता. छोटी टाळ्या वाजवत होती. मी म्हणाले, "आवाज कमी कर, लोक झोपलेत."

आमच्या हौशी रेडिओ मंडळाचे चिटणीस सांगतात की गुरू ऐकू येणे नशिबाचा भाग आहे, त्याचा एक चंद्र ठरावीक जागी लागतो वगैरे. मला ते चिटणिसांपेक्षा आधी माहीत आहे. पण तो चंद्र माझ्या वेळी कुठे गेला होता?

मग पेपरवाले आले. उंचवटा पाहायला कोणी येत नाही. लाटा ऐकायला गल्ली लोटली. फोटोग्राफरने तारेकडे पाहिले आणि म्हणाला, "ही फोटोत दिसणारच नाही. बाई, तुम्ही त्या डिशपाशी उभ्या राहा." ती उभी राहिली. माझ्या डिशला हात लावून. फोटोच्या कडेला माझे कोपर आले आहे. खाली छापले होते: 'गुरूचा आवाज पकडणाऱ्या गृहिणी आपल्या उपकरणासह.' डिश माझी, तार माझी, हसू तिचे. यालाच आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

तो फोटो चौकट करून आमच्या सामायिक जिन्यात लावला आहे. माझ्या पश्चात तो काढू नये. फक्त माझ्या कोपराकडे बाण काढून तिथे माझे नाव लिहावे. ठळक.

दुसऱ्याच दिवशी मी गच्चीच्या मधोमध ऑइलपेंटने पट्टा मारला. वाटणीपत्रात निम्मी-निम्मी लिहिलेच होते.

कलम ६. हौशी रेडिओ मंडळाच्या चिटणिसांना, ज्यांनी वार्षिक अंकात गुरूला पूर्ण पान आणि हायड्रोजनला दोन ओळी दिल्या, मी माझ्या गच्चीवरची मोडकी खुर्ची देते. ती त्यांच्याच लायकीची आहे. माझे मीटर, पक्कड आणि वायरी जोडताना डाग द्यायची इस्त्री केबलवाल्याला. त्याने डिश देताना एकदाही विचारले नाही की बाईमाणूस याचे काय करणार.

कलम ७. यजमान गेले तेव्हा घरभर माणसे होती. माझे डोळे कोरडे राहिले. मी आतून गोठले होते. छोटी दाराशी बसून रडली. रडतानाही तिचा आवाज गोडच होता. लोक येत आणि तिची पाठ थोपटून जात. माझा नवरा, आणि सांत्वन तिचे झाले. हे मी कोणाजवळ बोलले नाही. इथे लिहिते, कारण मृत्युपत्राला कोणी मध्येच अडवत नाही.

कलम ८. गच्चीतला माझा हिस्सा आणि डिश. हे कलम नीट वाचावे.

दीर गेल्यानंतर वरच्या मजल्यावरचा रेडिओ हळूहळू मोठा होत गेला. मी ऑपरेटर होते, मला छतातूनही कळले. आधी बातम्या शब्दन् शब्द ऐकू येऊ लागल्या. मग गल्लीतल्यांनी तक्रार केली. मग एक दिवस रेडिओ बंदच झाला. ती हसून मान डोलवायची आणि लोक म्हणायचे, किती शांत झाली आहे. तिला ऐकू येत नव्हते, हे तिच्याआधी मला माहीत होते.

एका संध्याकाळी ती खाली आली. यजमान गेल्यानंतर पहिल्यांदाच माझ्या दारात उभी राहिली.

"वहिनी, गुरूचे दिवस आलेत. तुम्ही वर येऊन ऐकाल? मला आता सगळा पंख्यासारखाच आवाज येतो."

मी तिच्याकडे पाहत तोंड मोठे उघडून म्हणाले, "येते."

खरे सांगायचे तर मी काही दयेने गेले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जिना चढताना मनात एकच होते: आता गुरू माझा. ऐकणारी मी, सांगणारी मी. ती माझ्या तोंडाकडे बघत बसेल.

पट्टा ओलांडून मी तिच्या बाजूला बसले. उजाडायला थोडा वेळ होता. हेडफोन न लावता मी रेडिओचा मोठा स्पीकर जोडला. नुसती खरखर होती. मी कान देऊन ऐकत होते, चाळीस वर्षांचे तयार कान. तिने उगाच काहीतरी करावे म्हणून स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला. थोड्या वेळाने तिचा चेहरा उजळला.

"आल्या," ती म्हणाली. "वहिनी, लाटा आल्या ना?"

मला काही ऐकू आले नव्हते. मी नाही म्हणायला तोंड उघडले आणि तेवढ्यात खरखरीतून पहिली लाट वर आली. मग दुसरी. ती तळहात उचलायची, पुन्हा ठेवायची, आणि प्रत्येक लाटेला मान हलवायची. बहिरी बाई, आणि तरी माझ्याआधी.

त्या पहाटे माझ्या पोटात जे दुखले तसे जन्मात दुखले नव्हते. मी उठून जाणार होते. उठता आले नाही, कारण तिने दुसऱ्या हाताने माझा हात ओढून स्पीकरवर ठेवला होता आणि विचारत होती, "कळतंय का तुम्हाला?" कळत होते. जाळीखाली काहीतरी फुगत होते आणि ओसरत होते. आम्ही उजाडेपर्यंत तशाच बसलो.

त्यानंतर मी तिला माझ्या बाजूला आणून पडदा दाखवला. रेघ उचलली गेली तेव्हा ती म्हणाली, "अय्या, हे तर दिसतं. याला कान लागतच नाहीत. आणि तुम्ही इतकी वर्षं मला हे दाखवलं नाहीत?" मी म्हणाले, "तू मिक्सर बंद केला नाहीस." ते तिला ऐकू आले नाही किंवा तिने ऐकले नाही.

सबब, मी लिहून देते की माझ्या पश्चात डिश, कॉम्प्युटर आणि जोडणीच्या सर्व वायरी माझ्या धाकट्या जावेच्या होतील, आणि गच्चीतला माझा निम्मा हिस्सा तहहयात तिच्या वापरात राहील. तिच्यानंतर तो माझ्या मुलीचा. अटी अशा: डिशची दिशा अंदाजाने लावू नये. डिशला फुलांची कुंडी टांगू नये. एकदा टांगली होती. आणि कोणी पाहुणा आला, तर हायड्रोजन आधी दाखवावा, गुरू नंतर.

कलम ९. मोबाइल कंपनीचे लोक टॉवरसाठी गच्ची मागत आहेत आणि माझ्या मुलीचा कल तिकडे आहे. टॉवर उभा राहिला तर तिथे ना रेघ उचलेल ना लाट येईल. छोटी हयात असेतो माझ्या हिश्श्यावर टॉवर उभारण्यास मी मनाई करते. मुली, तुला वाटेल की आईने काकूला तुझ्यापेक्षा जास्त दिले. दिले आहे. आता तुझ्याही पोटात थोडे दुखू दे, घराण्यातच आहे.

कलम १०. या मृत्युपत्राची व्यवस्था वकीलबाई पाहतील. त्यांनी मला दोनदा विचारले की माझी जाऊ माझ्या आधी गेली तर डिश कोणाला द्यायची. ही चौकशी चालू असताना ती समोरच बसली होती. आमच्या ओठांकडे पाहून तिने विचारले, "माझ्याबद्दल काय लिहिताय?"

"खरं तेच," मी म्हणाले.

"म्हणजे वाईटच असणार," असे म्हणून ती चहा टाकायला गेली.

तर त्या प्रश्नाचे उत्तर येथे नोंदवते. ती माझ्या आधी गेली तर काय, याची कोणतीही तरतूद मी या मृत्युपत्रात केलेली नाही आणि करणार नाही. आयुष्यात सगळीकडे तिचा नंबर पहिला लागला. इथे तिने मागे थांबावे, अशी माझी सक्त ताकीद आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि खाडाखोडीसह मला मान्य आहे.

स्थळ: आमची गच्ची, माझी बाजू
दिनांक: अकरा मार्च, सोमवार

(लिहून ठेवणारीची सही)
मोठी

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष वरील सही झाली आणि ज्यांनी एकमेकांसमक्ष खाली सह्या केल्या:

१. आमचे डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरचे चष्मेवाले (सही)

ता. क. धाकटी जाऊही सही करायला पेन घेऊन पुढे आली होती. जिला मिळायचे आहे तिने साक्षीदार होऊ नये, असा कायदा असल्याचे वकीलबाईंनी तिला कागदावर लिहून दाखवले. त्यावर तिने काय मिळणार आहे, ते विचारले नाही. चष्मेवाल्यांचा चहा गार झाला होता, तो तिने बदलून आणला.