मी विलायतेला येत नाही, मिससाहेब

सेलू, जिल्हा वर्धा
ता. ११ नोव्हेंबर १९५७

आदरणीय मिससाहेब यांस,

डोमाजी खानसाम्याचा, त्याच्या धुरपताचा आणि बंगल्याच्या आवारात जे कोणी दोन पायांचे, चार पायांचे अजून टिकून आहेत त्या सर्वांचा येशूच्या नावाने सलाम पोहोचावा. इकडे सर्व खुशाल. आपले गुडघे कसे आहेत? तिकडच्या थंडीत ते जास्तच कुरकुरत असतील. एरंडाचं पान गरम करून बांधत जा, असं धुरपता सांगते. (तिकडे एरंड होत नसेल तर सत्तर वर्षांत तुमच्यापैकी कोणीतरी इथून एक बी न्यायला हवं होतं. इकडे आणलं पुष्कळ, नेलं काहीच नाही. मी मिशनचं म्हणतो, सरकारचं नाही.) आपण लावलेलं लिंबाचं झाड यंदा एवढं लागलं की लोणचं घालून घालून धुरपताचे हात सोलले. आपण-आपण लिहून माझाही हात दुखला, तेव्हा आता पूर्वी बोलायचो तसं तुम्हीच लिहितो.

मूळ गोष्ट अशी, की तुमच्या गावच्या मंडळीचं पत्र इकडे ऑगस्टात आलं. तुम्ही रिटायर होऊन त्याच मंडळीत बसता, म्हणजे तुम्हाला ठाऊकच असेल. आमच्या पाळकसाहेबांनी ते उपासनेनंतर वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, सत्तर वर्षं आम्ही तुमच्याकडे माणसं पाठवली, आता तुम्ही तुमच्यातलं एक माणूस सहा महिने आमच्याकडे पाठवा, त्यानं आमच्यात राहावं, आमचं काय चुकतं ते सांगावं, जहाजाचं आम्ही बघतो. विलायतेच्या लोकांचं काय चुकतं हे बसस्टँडवर उभं राहून सांगणारे आमच्यात ढीगभर आहेत, पण बोलावून घेऊन, तिकीट देऊन कोणी विचारेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

पाळक बापूराव (तुम्ही गेल्यावर आलेले. माणूस चांगला, प्रार्थना लांब) यांनी पत्र वाचायच्या आदल्या दिवशीच वर्ध्याच्या शिंप्याकडे कोटाचं माप देऊन ठेवलं होतं. तिकडे हेडमास्तर तानबाजींनी ट्रंकेला काळा रंग दिला. मंडळीत दोन पक्ष पडले, तीन रविवार भांडण झालं, शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. आता गंमत ऐका. तोंडानं जो तो कोणाच्या ना कोणाच्या बाजूचा, पण चिठ्ठी लिहिताना प्रत्येकाला वाटलं, हा बुवा विलायतेला जाऊन आला तर उद्या आपल्याशी बोलायचा नाही. म्हणून ज्याला दुसरं कोणी मत देणारच नाही अशा माणसाचं नाव लिहून मोकळं व्हावं. असा माणूस अख्ख्या मंडळीत एकच. पाळकसाहेबांना सात मतं, मास्तरांना नऊ, आणि डोमाजी खानसाम्याला एकतीस. मी मंडळीचा पंच आहे खरा, पण पंचाचं काम म्हणजे आजवर सतरंज्या झटकणं. पाळकसाहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कोट मात्र त्यांनी शिवून घेतला.

नाताळपर्यंत उत्तर द्यायचं आहे. मी नाही म्हणणार. उगाच कोणी तुम्हाला भलतंसलतं कळवू नये म्हणून माझी कारणं मीच लिहितो.

सगळ्याचं मूळ म्हणजे तुमच्या जागेवर आलेले ॲलनसाहेब. ऐन मे महिन्यात आले. अंगात खादीचा सदरा, पायात वर्ध्याच्या बाजारात घेतलेल्या चपला, त्याही एक नंबर लहान. उतरल्या उतरल्या म्हणाले, मी शिकवायला नाही, शिकायला आलो. धुरपता माझ्या कानाशी येऊन विचारते, "इतक्या दूर शिकाले आला, याच्या गावी शाळा नाई काय?" मी तिला गप्प केलं आणि आत जाऊन पांढरा कोट चढवला. पहिल्या रात्रीचं जेवण म्हणजे आपली अब्रू. सूप, कोंबडीचा रोस्ट, कॅरमल पुडिंग. टेबलावर तुमच्या वेळचे सगळे काटे-चमचे ओळीनं मांडले. साहेब आले, एक खुर्ची ओढली, आणि मला म्हणाले, बसा. मला वाटलं खुर्चीत ढेकूण आहे, ते दाखवून राहिले. मी वाकून पाहिलं. ढेकूण नव्हता. तर म्हणाले, तुम्ही बसल्याशिवाय मी जेवणार नाही.

मी बसेना, म्हणून तेही बसेनात. दोघं आमनेसामने उभे, मध्ये सूप गार. शेवटी भूक त्यांना जास्त होती की दया मला, ते देवाला माहीत, पण मी खुर्चीच्या काठावर टेकलो. आता रोस्ट आणायचा कोणी? मी उठलो, त्यांनी मला खांदे धरून बसवलं. ते उठले, मी धावलो. रोस्ट कसाबसा आला. पुडिंगच्या वेळी मात्र आम्ही दोघं एकाच वेळी स्वैपाकघराच्या दारात भेटलो, आणि पुडिंग उंबऱ्यावर पडलं. सत्तावीस वर्षांत तुमच्या हाताखाली माझं एक पुडिंग पडलं नाही. मला रडू आलं, मिससाहेब. साहेब खाली बसून बोटानं उंबऱ्यावरचं पुडिंग चाटून राहिले, आणि फार छान, फार छान म्हणून राहिले.

पुढे त्यांनी पाळी लावली. एक दिवस मी रांधायचं, एक दिवस त्यांनी. म्हणे, हे एकमेकांचं काम आहे. तुम्ही बंगल्यात मला रागावायच्या तेव्हा निदान जेवण तरी धड असायचं. यांनी अंबाडीची भाजी नुसती पाण्यात शिजवली, मीठ नाही, तिखट नाही, आणि वर म्हणाले, मनापासून सांगा कशी झाली. मनापासून कसं सांगणार? पोटापासून सांगितलं असतं. भाकरी थापायला ते धुरपताजवळ चुलीपाशी बसतात. धुरानं डोळे लाल, पीठ केसापर्यंत, आणि भाकरीला चार कोपरे. त्यांची पाळी असली की आमची गाय सकाळपासून आनंदात असते. पण धुरपता आता त्यांना भाऊ म्हणते. ॲलनभाऊ. आणि ते तिला वहिनी म्हणतात. एवढ्या वर्षांत तुम्ही तिला नावानं हाक मारली, ती तुम्हाला मिससाहेब म्हणाली, कोणाचंच काही अडलं नाही.

खरं सांगू? मला तुमचंच राज्य बरं वाटायचं. सकाळी सहाला चहा, म्हणजे सहाला. पावणेसहाला मी दारात असायचो आणि तुमच्या खोलीतून खोकला आला की समजायचं, दिवस सुरू झाला. तुम्ही मला वाचायला शिकवलं शुभवर्तमानावर आणि लिहायला पाककृतींच्या वहीवर, म्हणून माझ्या पत्रात उपदेश आणि अंडी सोबतच येतात. आमच्या लेकीला, कमलाला, मुदतीचा ताप आला तेव्हा तुम्ही सात दिवस आमच्या घरी खाली चटईवर बसून होत्या. आमच्या कपातला चहा प्यायल्या. धुरपतानं केलेली भाकरी खाल्ली. कमला वाचली ती तुमच्यामुळे, हे मी मरेपर्यंत सांगीन. तुम्ही गेल्या त्या दिवशी वर्धा स्टेशनावर गाडी सुटली, आणि मी बंगल्यावर येऊन सवयीनं सहाचा चहा केला. कोण पिणार? मीच प्यायलो, उभ्यानं. फार आठवण येते हो तुमची. रविवारी जास्त येते.

आता जे लिहिणार नव्हतो ते लिहितो. माझ्या बहिणीचा मुलगा चिंधू, तुम्ही त्याला पाहिलं आहे, हिंगणघाटला कापसाच्या जिनात नोकरीला आहे. गेल्या वर्षी नागपूरला जाऊन त्यानं दीक्षा घेतली, बौद्ध झाला. (तुम्ही पेपरात वाचलं असेल, लाखो लोक होते.) गेल्या महिन्यात तो घरी आला. मी विलायतेला निवडून आलो हे ऐकून आधी मनसोक्त हसला. मग म्हणाला, "मामाजी, मले एक सांगा. तुमच्या मिससाहेबानं तुमाले कधी आपल्या टेबलावर जेवाले बसवलं काय?"

मी चिडलो. असा चिडलो की धुरपता चुलीपासून उठून आली. त्याला कमलाचा ताप सांगितला, चटई सांगितली, वाचायला कोणी शिकवलं ते सांगितलं. पोरानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "हे समदं खरं हाय मामाजी. थे तुमच्या घरी बसली. तुमी तिच्या घरी बसले काय?" मी म्हटलं, तसा रिवाज नव्हता. तो म्हणाला, "थेच तं मी म्हणून राह्यलो." आणि चहा पिऊन मोटारीनं हिंगणघाटला गेला.

तो गेला, पण ते शब्द गेले नाहीत. मी हिशेब मांडत नाही मिससाहेब, मला राग नाही. तुम्ही बसा म्हटलं असतं तरी मी बसलो नसतो, खुर्चीत ढेकूणच शोधला असता. पण तुम्ही म्हटलं नाही. मी भिंतीला लागून उभा असायचो, तुम्ही एकट्या जेवायच्या, आणि एवढ्या मोठ्या टेबलाभोवती पाच खुर्च्या रिकाम्या. तेव्हा मला ते कधी दिसलंच नाही. तुम्हाला दिसलं होतं काय?

जाऊ द्या. तर येत नाही याची कारणं अशी. तिकडे थंडी. समुद्रात मला मळमळेल. धुरपता एकटी राहील. ॲलनभाऊ स्वतःच्या हातचं रोज खाऊन महिन्याभरात आजारी पडतील. आणि तुमच्या लोकांचं काय चुकतं हे मी काय सांगू? मला पुडिंग येतं, भाषण येत नाही. तेव्हा माझी वाट पाहू नये. माझा नकार पक्का समजावा.

शेवटी काय लिहावं कळत नाही. पूर्वी आपला नम्र सेवक लिहायचो. ॲलनभाऊंनी ते लिहायला बंदी केली आहे, आणि आपला भाऊ लिहायला माझा हात धजत नाही. म्हणून नुसतंच

डोमाजी

ता. क. काल वर्ध्याला जाऊन पासपोर्टासाठी फोटो काढून आलो. नुसता काढून ठेवला. फोटो काढला म्हणजे माणूस जातोच असं नाही.

ता. क. २. धुरपता विचारते, तिकडे बर्फ कोणत्या महिन्यात थांबतो. ती सहज विचारून राहिली आहे. तशी तिनं गरम बंडी शिवायला घेतली आहे, पण ती कोणालाही होईल.

ता. क. ३. हे पत्र पाकिटात घालून चिकटवलं होतं, परत फोडलं. एक विचारायचं राहिलं, खरं म्हणजे एवढंच विचारायचं होतं. समजा मी आलो, तर तुमच्या घरी मला जेवायला कुठं बसवाल? ॲलनभाऊंना विचारून उपयोग नाही, ते म्हणतील अर्थात टेबलावर. मला तुमच्या हातचं उत्तर पाहिजे. नाही लिहिलंत तरी माझा सलाम कमी व्हायचा नाही, इथूनच पाठवत जाईन. पण हो लिहिलंत तर मी पहिल्या जहाजानं येतो, समोरच्या दारानं येतो. मात्र त्या दिवशी वाढायचं तुम्ही, आणि गुडघे कितीही दुखले तरी मी उठणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.