मुज्तबाचं धुराचं मशीन

लातूर,
कार्तिकातली एकादशी, दुपार

प्रिय मुज्तबा,

तुझा फोन वाजतो तेव्हा मी मोबाईल हातात धरूनच बसलेला असतो, आणि तरी उचलत नाही. राग मानू नकोस. फोनवर तू पहिला प्रश्न तोच विचारणार, आणि फोनवर मला खोटं फार पटकन सुचतं. कागदावर लिहिताना मात्र आपल्या गावचे गुरुजी छडी घेऊन मागे उभे आहेत असं अजून वाटतं. म्हणून हे पत्र. आमची लेक ऋतुजा या पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. वाचू नकोस असं तिला बजावलंय, म्हणजे ती वाचणारच.

तुझा प्रश्न मला पाठ झालाय. टेक्सासच्या हॉटेलातला तुझा मालक विचारतोय, राहतोस की जातोस, आणि वर्ष संपायच्या आत त्याला उत्तर हवंय. तू मला विचारतोस की लाकडाच्या गोळ्यांवर मांस भाजायचं तुझं मशीन लातूरला चालेल का, क्लासेसच्या गल्लीत दुकान टाकलं तर लोक खातील का, आणि तू आणि भाभींनी तिथलं सगळं आवरून परत यावं का. तेवढ्यासाठी तू ते मशीन इकडे परतणाऱ्या मामेभावाच्या घरसामानातून पुढे धाडलंस. आणि मांसाची परीक्षा घ्यायला नेमलंस कुणाला, तर गळ्यात तुळशीची माळ असलेल्या मला. तुझ्या बुद्धीला शाळेतही कुणी आवर घालू शकलं नव्हतं.

मशीन आलं त्या दिवसाचं आधी सांगतो. टेम्पोवाल्याने ते माझ्या मेसच्या दारात उतरवलं. काळं पिंप, त्याला चाकं, एका अंगाला धुराडं आणि दुसऱ्या अंगाला गोळ्या ओतायचा झाकणाचा डबा. चांगुणाने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि आत निघून गेली. माझी बायको काही बोलत नाही तेव्हा मी घाबरतो, हे तुला माहीत आहे. आई मात्र बोलली. म्हणाली, "गिरणी टाकायली का रं? बरं केलं, लई लांब जावं लागतंय दळण घेऊन." संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या दोन बायका ज्वारीचे डबे ठेवून गेल्या. एकीने तर बारीक दळायला सांगितलं.

इथली वीज तुमच्या तिकडच्यापेक्षा दुप्पट जोराची आहे, हे तू सांगायचं विसरलास. नशीब, मी प्लग खोचायच्या आधी व्यंकटी वायरमनला बोलावलं. मशीनच्या पाठीवरची पाटी वाचून तो म्हणाला, "मालक, ह्याला अमेरिकेचं फिकं करंट लागतंय. आपलं करंट लई तिखट हाय, जळून जाईल." त्याने कुठून तरी एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर आणून बसवला. तो असा घुमतो की पहिले काही दिवस लोक मला विचारत होते, मधमाश्या पाळल्यात का.

मग पहिला जाळ. ऋतुजाने मशीनसोबत आलेलं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवलं की पहिल्या वेळी आत काहीही न ठेवता मशीन तासभर पेटतं ठेवायचं, म्हणजे कारखान्यातलं तेल जळून जातं. आईने हे ऐकलं आणि तिथेच बसकण मारली. "रिकामी चूल पेटवायची न्हाई. घराला लागतं ते." मी समजावलं की ही चूल नाही, यंत्र आहे. तिने विचारलं, "हिच्यात जाळ हाय का?" म्हटलं, आहे. "मंग चूलच हाय." तिने हळदकुंकू लावलं, झाकणावर नारळ फोडला (झाकणाला जो पोचा दिसेल तो या नारळाचा), आणि मी वरणाखालचा गॅस बंद करायला आत गेलो तेवढ्यात चवडभर भाकरी आत सरकवल्या. तासाभराने त्या बाहेर काढल्या तेव्हा त्यांना सायकलच्या दुकानाचा वास येत होता. आईने त्यातला तुकडा मोडून श्रद्धेने खाल्ला. बाकीच्या गच्चीवर टाकल्या. कावळ्यांनीही सोडल्या.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तू पाठवलेली गोळ्यांची पिशवी वाटेत फाटली होती, म्हणून चांगुणाने त्या गोळ्या पेंडेच्या एका रिकाम्या पोत्यात भरून ठेवल्या. आईने मेसच्या मागे म्हैस पाळली आहे. पिशवीतलं दूध ती दूध मानत नाही. म्हशीची गोळीपेंडही तशाच पोत्यात असते. दोन्ही पोती शेजारी शेजारी, रंगाने सारखी, आणि आतल्या गोळ्या बोटाच्या पेराएवढ्या, तपकिरी, अगदी जुळ्या. त्या रविवारी मी तुझ्या मेहुण्याला, वाजिदभाईला, वहिदाआपासकट अहमदपूरहून बोलावलं होतं. वाजिदभाई कोंबडी घेऊन आला होता. मी डबा भरला, बटण दाबलं, हात जोडले. मागे आईने म्हशीसाठी घमेल्यात पेंड भिजत घातली. थोड्या वेळाने तिची हाक आली. घमेल्यातली पेंड फुगून भुसा होऊन बाहेर सांडत होती. म्हैस तिच्याकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत होती. आई म्हणाली, "कसली पेंड आणलीस रं ही? दुधाच्या जागी फर्निचर देईल म्हैस."

मला कळलं तोवर उशीर झाला होता. मशीनमधून सरकी भाजल्याचा असा खमंग धूर निघायला लागला की म्हशीने खुंटा उपटला, घराला वळसा घालून ती पुढच्या दारी आली आणि गोळ्यांच्या डब्यावर तोंड टेकवून उभी राहिली. हलेना. वाजिदभाई खुर्चीवरून उठलाही नाही. म्हणाला, "दयानंदभाई, कोंबडी माझी, पेंड तिची, धूर तुमचा. मेजवानी नेमकी कुनाची हाय?" ती कोंबडी त्याने खाल्ली, हे त्याचं मोठेपण. चव कशी आहे विचारलं तर म्हैस होती त्या दिशेला बोट दाखवलं. गोळ्या पुढे ढकलणारा आतला स्क्रू पेंडेच्या लगद्याने गच्च बसला होता. व्यंकटी तो सळईने कोरत राहिला आणि मधूनमधून बोटाचा वास घेत राहिला.

आता खरी परीक्षा. पुढच्या रविवारी मी पोती स्वतः उघडली, दोन्हींतली एकेक गोळी पाण्यात टाकून पाहिली, आणि वाजिदभाईने सकाळीच बकऱ्याचा खांदा मसाला लावून आत ठेवला. मंद आच, तू सांगितलीस तशीच. मध्ये वीज गेली, आली, पुन्हा गेली. दुपारच्या जेवणाला आलेले पाहुणे संध्याकाळी जेवले. पण मुज्तबा, वहिदाआपाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. हाड नुसतं ओढलं की सुटत होतं म्हणे. मी लांब तुळशीपाशी बसून ऐकत होतो. वाजिदभाईने बोटं चाटली आणि म्हणाला, "साल्याचं मशीन भारी हाय, मानलं. पर लातुरात एवढी वाट कोन बघल? इथं लोकं दोन वर्षांत डॉक्टर व्हायला येतात."

त्याचं खरं आहे. तू गेलास तेव्हा ही गल्ली म्हणजे चार झेरॉक्सची दुकानं होती. आता इमारतीवर इमारत, आणि प्रत्येक इमारतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. माझ्याकडे मुखेडची, देगलूरची, पार परभणीकडची मुलं जेवतात. डाव्या हातात नोट्स, उजव्या हातात पोळी. त्या दिवशी धुराचा वास घेत दोन मुलं आली आणि कधी तयार होईल म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, संध्याकाळी. ती म्हणाली, "काका, संध्याकाळी टेस्ट हाय," आणि वडापाव खायला गेली. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मशीन चालतं. दुकान चालणार नाही. त्याच्या भरवशावर तिथली नोकरी सोडू नकोस. हेच वाक्य फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं, कारण ते ऐकून तू येणार नाहीस, हे मला ठाऊक होतं.

त्या दिवशी मशीनसमोर बसून मला करायला काहीच नव्हतं. ते स्वतःच गोळ्या घेतं, स्वतःच वारा घालतं. ज्या जाळाशी कुणाला बसावं लागत नाही असा जाळ मी पहिल्यांदाच पाहिला. आणि सारखं किल्लारी आठवत राहिलं. भूकंपानंतर अहमदपूरहून ट्रकमध्ये बसून गेलेलो आपण, एकोणीस वर्षांची दोन पोरं, एक कढई आणि वरून पाऊस. लाकडं ओली, खिचडीत निम्मा धूर. तशीही ती कुणी खात नव्हतं. लोक पत्रावळी हातात धरून नुसते बसायचे. मी एकेकाला जेवा जेवा म्हणून विनवत फिरत होतो. तू कुणाला जेवा म्हणाला नाहीस. एका म्हाताऱ्याला म्हणालास, "बाबा, मला जाळ जमंना, जरा बघता का?" एका बाईपुढे कांद्याची पाटी सरकवलीस. तिने कांदे चिरले, कांद्याच्या निमित्ताने रडून घेतलं, आणि मग तीच म्हणाली, मीठ कमी हाय. दुसऱ्या दिवशी तुझ्या कढईभोवती कामाला दहा माणसं होती आणि दहाही जेवत होती. हे तुला कुणी शिकवलं, मी कधी विचारलं नाही. मला ते आजवर जमलेलं नाही.

आता माझं ऐक. एका क्लासने त्यांच्या अख्ख्या वसतिगृहाचं जेवण माझ्याकडे द्यायचं ठरवलंय, त्यांनाही वर्ष संपायच्या आत उत्तर हवंय. स्वयंपाक मी करू शकतो. पण परीक्षा जवळ आली की मुलं ताटं तशीच ठेवून उठतात, आणि मी त्यांच्यामागे जेवा जेवा म्हणत फिरतो, किल्लारीत फिरत होतो तसाच. परवा एक मुलगी मला म्हणाली, "काका, तुम्ही म्हणायला लागलात की जास्तच भूक मरते." त्या दिवसापासून मला झोप नाही. देवाला विचारलं, तर मनात तुझंच नाव आलं. तू मला विचारलंस, मी यावं का. मी तुला विचारतोय, येशील का? तुझ्या दुकानासाठी येऊ नकोस. माझ्या मेसमध्ये अर्धा मालक म्हणून ये. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मांस शिजणार नाही, हे आधीच सांगतो, त्यावर भांडण नको. मशीन वर गच्चीवर ठेवू. शुक्रवारी दुपारी तू, भाभी, वहिदाआपा आणि वाजिदभाई खुशाल खा. मी माझी भाकरी घेऊन वर येईन आणि वारा कुठून येतो ते पाहून बसेन. तू हो म्हणेपर्यंत मी क्लासवाल्यांना हो म्हणणार नाही. फोन कर. या वेळी उचलीन.

तुझाच,
दयानंद