फाटकावरची वही

सोमवार, ३ मार्च

आज लुटल्या गेलेल्या तिसऱ्या सभासद! मुलवा बाई, निवृत्त मुख्याध्यापिका. दुपारी फोन अचानक मुका झाला. त्यांना वाटलं, रेंज गेली असेल. तासाभराने कळलं — कोणीतरी दुकानातून त्यांच्या नावाचं नवं सिम काढलं, त्यावर ओटीपी मागवला आणि पतपेढीतलं खातं धुऊन नेलं. घरावर छप्पर घालायचं होतं बाईंना.

रडल्या नाहीत. माझ्या टेबलासमोर उभं राहून ओरडल्या. "तू कॉम्प्युटरवाली ना गं? मग इथे बसून माशा मारत होतीस?"

मी! शिक्षकांच्या या पतपेढीत माझं पद काय, तर नोंदणी सहायक. दोन वर्षं घसा कोरडा करून सांगतेय — सायबर सुरक्षेसाठी माणूस नेमा. संध्याकाळचा कोर्स करतेय, मलाच नेमा! व्यवस्थापक मुसेंबी साहेबांचं एकच उत्तर. "मुथेउ, आपल्याकडे अँटिव्हायरस आहे ना?" डोकं भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटतं.

नैरोबीच्या कंपनीकडून अजून काही कळलं नाही. तिथे नोकरी लागली तर या लोकांचं तोंडही बघणार नाही.

मंगळवार, ४ मार्च

चौथे. भूगोलाचे न्झिओका सर. तीच तऱ्हा.

बुधवार, ५ मार्च

सापडलं!

चौघेही फेब्रुवारीत वार्षिक सभेला आले होते. आणि फाटकावर चौघांनीही वही भरली होती. नाव, ओळखपत्राचा नंबर, फोन नंबर, सही. सगळं एका ओळीत! चोराला आणखी काय हवं?

या देशात दातांच्या डॉक्टरकडे जा, नणंदेच्या इमारतीत जा, कुठेही जा — फाटकावर वही आहेच. आणि आपण मुकाट्याने भरतो. ओटीपी कोणाला सांगू नका म्हणून पोराबाळांना बजावणारी माणसं तिथे आपला नंबर घोटीव अक्षरात लिहितात! आमची वही दिवसभर स्टुलावर उघडी पडलेली असते. जो येतो तो वरच्या वीस जणांची कुंडली वाचून आत जातो.

पहारेकरी कियोको काका एकोणीस वर्षं तिथे आहेत. मला रोज बघतात, तरी रोज लिहायला लावतात. "नियम म्हणजे नियम, पोरी. साहेबसुद्धा लिहितात." वर तारीख लाल शाईने घालतात. पान मळलं तर जीव खालीवर होतो त्यांचा.

गुरुवार, ६ मार्च

कुठून तोंड उघडलं असं झालंय!

बैठकीत सगळं समजावून सांगितलं. मुसेंबी साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "म्हणजे फाटकावरच्या म्हाताऱ्याने नंबर विकले!"

मी म्हटलं, वही साहेब, वही! वही ठेवायचा हुकूम तुमचा. काकांचा फोन बटणांचा, त्याला कॅमेरासुद्धा नाही.

"मग दुसऱ्या कोणाला तरी काढू दिले असतील फोटो. पैसे घेतले असतील. तू शोधलंस, छान केलंस. आता गप्प बस."

संध्याकाळी काकांना घरी पाठवलं. गणवेश उतरवून घेतला, फाटकावरच, सगळ्यांदेखत. आणि स्टुलावर काय? नवी कोरी वही! नवा पहारेकरी मला म्हणतो, "मॅडम, ओळखपत्राचा नंबर लिहा." वही त्याच्या अंगावर फेकली. फेकायला नको होती, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

रविवार, ९ मार्च

काकांच्या घरी गेले. धीर द्यायला गेले होते.

काकूंनी मका-राजमा वाढला. काका खाटेवर बसून होते. मी साहेबांना शिव्या घालत होते, त्यांनी ऐकून घेतलं. मग काकूंना पाणी आणायला पाठवलं आणि हळूच म्हणाले, "उद्या पोलीस नेणार म्हणतात. विचारतात, वहीचे फोटो कोणाला काढू दिलेस. मी कोणालाच हात लावू दिला नाही गं. एक तू काढलेस, त्या सभेच्या दुपारी. अभ्यासाला हवेत म्हणालीस."

मी घास परत ताटात ठेवला.

"तुझं नाव मी घेतलं नाही हं," म्हणाले. "तू चोर आहेस का? शिकणारी पोर. उगीच लचांड मागे लागेल."

अभ्यासाला नव्हते हवेत. नैरोबीच्या त्या कंपनीने परीक्षा म्हणून लिहिलं होतं — सध्याच्या कार्यालयातली एक त्रुटी शोधा, पुराव्याचे फोटो जोडा. सायबर सुरक्षेची नोकरी! मला काय आनंद झाला होता. नऊ पानांचे फोटो पाठवले. नंबरांवर पट्टी मारायचंही सुचलं नाही. खाली ऐटीत लिहिलं, एवढ्या माहितीवर कोणाचंही सिम काढता येईल. चोरांना शिकवणी लावली मी!

घरी येऊन बघितलं. कंपनीचं संकेतस्थळ नाही. फोन बंद. पाठवलेल्या पहिल्याच पानावर चौघांची नावं आहेत.

मूर्ख! मूर्ख! मूर्ख! आणि काकांना काही बोलले नाही. ताट धुतलं आणि आले.

सोमवार, १० मार्च

काकांना सकाळी नेलं.

मंगळवार, ११ मार्च

मुसेंबी साहेबांना सगळं सांगितलं. ईमेल दाखवले, फोटो दाखवले.

दार लावून घेतलं त्यांनी. "हे आणखी कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. आपल्या कार्यालयातूनच फोटो गेले म्हटलं तर पतपेढी बुडेल. सभासदांना चोर सापडलाय, ते शांत झालेत. म्हातारा असाही पुढच्या वर्षी निवृत्तच होणार होता." मग खुर्ची पुढे ओढून, गोड आवाजात — "तुला सुरक्षा अधिकारी व्हायचंय ना? पुढच्या आठवड्यात पत्र देतो."

दोन वर्षं याच वाक्याची वाट बघत होते! आता ते ऐकून साहेबांचा संताप आला. त्याहून संताप कशाचा, सांगू? अर्धा मिनिट मी विचार केला. पूर्ण अर्धा मिनिट.

बुधवार, १२ मार्च

पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून लिहितेय. सगळे कागद घेऊन आठ वाजता आले. माझा जबाब घ्या म्हटलं. अधिकाऱ्याने कागद उलटलेसुद्धा नाहीत.

"कशाला, बाई? प्रकरण मिटलं. म्हाताऱ्याने काल संध्याकाळी गुन्हा कबूल केला. सही आहे त्याची."

कोणाला फोटो काढू दिले म्हणून लिहिलंय, विचारलं.

"अनोळखी माणूस, म्हणतो. आम्ही रात्रभर विचारलं, दुसरं नाव घेतच नाही. जा तुम्ही घरी."

मी नाही जाणार.