न काढलेला बाण

४ मार्च, सोमवार

सेकोवेदादाला माती देऊन एकोणीस दिवस झाले. आज ऑफिसला गेलो.

सगळ्यात आधी आकृती उघडली. होड्यांच्या नोंदणीची, माझ्याच हातची. चौकोन म्हणजे माणसं, वर्तुळ म्हणजे काम, दोन समांतर रेघा म्हणजे माहितीची साठवण. बाण सांगतात, काय कुठून कुठे जातं. नावाडी फोनवर ‘निघालो’ दाबतो — ते वर्तुळात, तिथून साठवणीत.

तिथून पुढे बाणच नाही!

होडी परतली नाही तर कुणालाच कळत नाही. नव्या मुलांना पहिला नियम मीच शिकवतो — साठवणीत जातं ते कुणासाठी तरी बाहेर यायला हवं.

५ मार्च

ऑफिसातल्या शोभनानं दोन वर्षांपूर्वी भर बैठकीत याच जागेवर बोट ठेवलं होतं. “इसोआ, ही तुझी साठवण नुसती गिळते रे. सरकारी कचेरी आहे का?” सगळे हसले. मीही. “पुढच्या टप्प्यात बघू.”

दादा शनिवारी दुपारी ओवालाऊ बेटावरून होडीनं निघाला. वहिनीला वाटलं, इथे सुवाला माझ्याकडे राहिला असेल. तो येणार हेच मला ठाऊक नव्हतं. शोध सोमवारी सुरू झाला. बुधवारी सापडला.

नोंद मात्र होती. १:४० — निघालो.

८ मार्च

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की शंभर रात्री होईपर्यंत केस कापायचे नाहीत. साहेब म्हणाले, “तुझं दुःख दिसतंय रे.”

दिसतात ते केस.

११ मार्च

बाण काढला. नवं वर्तुळ — ‘न परतलेल्या होड्या शोधा’ — आणि तिथून पोलिसांकडे. काढायला दोन मिनिटं लागली. दोन मिनिटं! शोभना मागे उभी होती. चहा ठेवून गेली.

१६ मार्च, शनिवार. ओवालाऊ

यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन नानिसेवहिनीकडे गेलो. आमच्याकडे माफी मागायला रिकाम्या हातानं जात नाहीत, ही मुळं पुढे ठेवायची. चटईवर जुडी ठेवली. मान खाली घालून सगळं सांगितलं. नीट सांगता येईना, तेव्हा आकृती कागदावर काढली.

वहिनी बोटानं बाण गिरवत गेली. साठवणीशी थांबली.

“म्हणजे इथून पुढे कुणीच नव्हतं?”

“नाही.”

“पूर्वी निघताना गावप्रमुखाला सांगून जायचे ते. मग म्हणाले, आता कशाला? इसो बसलाय ना तिकडे. तो बघतोय.”

तिनं जुडीला हात लावला नाही. म्हणजे माफी नाही. ती आत निघून गेली. जुडी तशीच राहिली.

१७ मार्च

सकाळी होडीत पाय ठेवणार, तेवढ्यात वहिनी धक्क्यावर आली. “भावोजी, उतरा. आधी गावप्रमुखाला सांगून या, निघताय म्हणून.” मग माझ्याकडे न बघता — “आणि पोचलात की मला फोन. दुपारपर्यंत आला नाही, तर मी गावातल्या सगळ्या होड्या बाहेर काढायला लावीन.”